आचार्य धर्मानंद कोसंबी : चित्ताचा शोध आणि दुःखाचा प्रश्न

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने बौद्ध तत्त्वज्ञानातील निरनिराळ्या संप्रदायांविषयी काही लिहावे असे सुचविले, तेव्हा आम्हांस प्रथम आठवला तो ग्रंथ नव्हे, तर इयत्ता नववीच्या वर्गातील एक प्रसंग. चार आर्यसत्यांचा पाठ चालू होता. दुःख आहे, दुःखाचे कारण तृष्णा आहे, असे आम्ही फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. दिवाळीनंतर त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात, ते पाडव्याच्या आसपास परततात. मधले महिने तो आपल्या वसतिगृहात असतो. त्याने विचारले की, त्याच्या आईला जे दुःख आहे ते तिच्या तृष्णेमुळे आहे काय, आणि असेल तर तिची तृष्णा नेमकी कोणती. वर्ग हसला नाही. आम्हीही तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. तास संपल्याची घंटा झाली आणि आमची सुटका झाली, हे आज कबूल केलेले बरे.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ज्या एका माणसाच्या चरित्राकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळलो, ते चरित्र येथे सांगावयाचे आहे. आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी हे ते नाव. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात पाहिले असेल. काहींनी वाचलेही असेल. परंतु ते पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने चित्त म्हणजे काय आणि दुःख म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी किती वाट तुडवली, हे फारसे कोणास ठाऊक नसते.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. गावात धड मराठी शाळा नव्हती. नारळाच्या बागा, घरचा व्यवहार आणि कायमची नाजूक प्रकृती यांत त्यांचे बालपण गेले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. शालेय शिक्षण जवळपास नाहीच. जे काही मिळाले ते मराठी पुस्तके आणि नियतकालिके वाचून. तरुणपणी त्यांना खिन्नतेने घेरले होते. संसारात मन रमेना, आणि संसार सोडण्याचे धैर्यही होईना. एकदोनदा ते घर सोडून निघाले आणि परत आले. तुकाराम महाराजांच्या चरित्राने त्यांना काही काळ आधार दिला. मग १८९७ साली ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांवरील एक लेख वाचला. लहान मुलांसाठी लिहिलेला छोटासा लेख तो. पण त्या लेखाने या विवाहित, अर्धशिक्षित, उदास तरुणाच्या आयुष्याची दिशाच बदलली. बुद्धाचा धम्म मूळ भाषेतून जाणून घ्यायचा, हा ध्यास त्यांना लागला. मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी असे आम्हांस वाटते.

१८९९ साली त्यांना माणिक ही कन्या झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी घर सोडले. येथे आम्हांस थांबावे लागते. मागे राहिलेल्या बाळाबाईंच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार चरित्रकार फारसा करीत नाहीत. सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या कथेत यशोधरा जशी ओळीच्या कडेला उभी असते, तशीच बाळाबाईही. दुःखाचा शोध घ्यायला निघालेला पुरुष जाताना घरात थोडे दुःख ठेवूनच जातो. धर्मानंद पुढे परतले, त्यांनी कुटुंबाचा भार उचलला, मुलांना शिकविले, हे खरे. तथापि मधली वर्षे भरून निघत नाहीत.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना ते भेटले. संस्कृत शिकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही हे ध्यानी आल्यावर ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण, साहित्य शिकायचे, असा क्रम चालला. ब्राह्मण असल्यामुळे अन्नछत्राचे दार त्यांना उघडे होते, हे आमच्यासारख्या वाचकाच्या नजरेतून सुटत नाही. त्याच काळी आमचा कोणी पूर्वज ज्ञानाच्या ओढीने काशीस गेला असता, तर त्याला पंगतीत बसता आले नसते, पाठशाळेतही नाही. धर्मानंदांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. मिळालेल्या सवलतीचे त्यांनी पुढे काय केले, हे पाहावे लागते.

१९०२ च्या आरंभी ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या देशात तरी जिवंत बौद्ध धर्म असेल ही आशा होती. तेथील एकंदर स्थिती पाहून त्यांची निराशा झाली. बुद्धगयेत त्यांना सिंहलद्वीपास जाण्याचा सल्ला मिळाला. कलकत्ता, मद्रास असा प्रवास करीत, बहुधा दुसऱ्याच्या मदतीवर आणि पुष्कळदा उपाशीपोटी, ते त्याच वर्षी कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय परिवेणात महास्थविर हिक्कडुवे सुमंगल यांच्या हाताखाली ते श्रामणेर झाले आणि पाली शिकू लागले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी भिक्षूची उपसंपदा घेतली, ब्रह्मी लिपीतून त्रिपिटक वाचले, आणि सगाईंग, मंडाले या भागातील विहारांत राहून ध्यानाचा अभ्यास केला.

आज आपल्या खान्देशातून शेकडो उपासक-उपासिका इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिरास जातात. ती परंपराही ब्रह्मदेशातूनच आलेली आहे. इगतपुरीचे केंद्र १९७६ साली सुरू झाले; त्याच्या सत्तर वर्षे आधी एक मराठी माणूस इरावतीच्या काठी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसला होता, ही गोष्ट शिबिराहून परतणाऱ्यांना आम्ही आवर्जून सांगतो.

चित्ताविषयी या परंपरेचे म्हणणे काय, ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कारण धर्मानंदांचे सारे ग्रंथकर्तृत्व याच भूमीवर उभे आहे. स्थविरवादाच्या अभिधम्मात आत्मा नावाची स्थिर वस्तू मानलेली नाही. चित्त क्षणोक्षणी उत्पन्न होते आणि क्षणोक्षणी निरुद्ध होते. प्रत्येक चित्ताबरोबर काही मानसिक धर्म उत्पन्न होतात. त्यांना चेतसिके म्हणतात. अभिधम्माच्या आचार्यांनी चित्ताचे ८९ प्रकार मोजले, चेतसिके ५२ मोजली. अकुशल चित्ते बारा : आठ लोभमूलक, दोन द्वेषमूलक, दोन मोहमूलक. प्रथमदर्शनी ही यादी म्हणजे किराणा दुकानाची वही वाटते. आम्हीही एम.ए.च्या काळात तसेच समजत होतो. परंतु या मोजदादीत एक मोठी सूक्ष्म गोष्ट दडलेली आहे. अभिधम्म शारीरिक वेदनेला दुःख म्हणतो आणि मानसिक क्लेशाला दौर्मनस्य म्हणतो. दौर्मनस्य केवळ द्वेषमूलक चित्तांबरोबरच उत्पन्न होते. याचा अर्थ असा की, पायात काटा रुतणे ही एक घटना आणि त्या काट्यावर, वाटेवर, नशिबावर मनाने चडफडणे ही दुसरी. संयुत्तनिकायातील एका सुत्तात हीच गोष्ट दोन बाणांच्या दृष्टांताने सांगितली आहे : अशिक्षित माणसाला एका बाणापाठोपाठ दुसरा लागतो, शिक्षित आर्यश्रावकाला पहिलाच लागतो.

आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा या परंपरेचा शिरोमणी ग्रंथ. पाचव्या शतकात अनुराधपुरच्या महाविहारात तो लिहिला गेला. शील, समाधी आणि प्रज्ञा अशा तीन पायऱ्यांनी त्याची रचना आहे. ध्यानासाठी चाळीस कर्मस्थाने सांगितली आहेत, आणि कोणत्या स्वभावाच्या माणसाला कोणते कर्मस्थान मानवेल याचाही विचार केला आहे. माणसे सहा प्रकारची मानली आहेत : रागप्रधान, द्वेषप्रधान, मोहप्रधान, श्रद्धाप्रधान, बुद्धिप्रधान आणि वितर्कप्रधान. चालण्यावरून, जेवण्यावरून, झाडू कसा मारतो यावरूनसुद्धा माणसाचा स्वभाव ओळखावा असे बुद्धघोष सांगतात. वसतिगृहात तीस वर्षे मुलांना झाडू मारताना पाहिल्यावर या निरीक्षणाबद्दल आमचा आदर फारच वाढला आहे.

धर्मानंदांच्या जीवनातील पुढचा अध्याय याच ग्रंथाभोवती फिरतो. १९०६ च्या सुरुवातीस ते कलकत्त्यास आले. चीवर उतरवून ते शिक्षक झाले. स्वदेशीच्या चळवळीतून निघालेल्या नॅशनल कॉलेजात त्यांनी पाली शिकविली आणि कलकत्ता विद्यापीठातही पालीचे अध्यापन केले. परंतु महाराष्ट्रात बौद्ध विद्या रुजावी ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहिण्याच्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्यात मिळणारा कितीतरी अधिक पगार सोडून त्यांनी ही ५० रुपयांची वृत्ती पत्करली. याच सयाजीरावांनी १९१३ साली एका महार विद्यार्थ्याला कोलंबिया विद्यापीठात पाठविले, हे वाचकांस सांगावयास नको. बडोद्याच्या खजिन्यातून निघालेल्या या दोन लहानशा रकमांनी महाराष्ट्रातील बुद्धधम्माच्या इतिहासाला काय दिले, याचा हिशेब कोणी करील तर बरे होईल.

पुण्यात असताना हार्वर्ड विद्यापीठाचे प्रा. जेम्स वुड्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने विसुद्धिमग्गाच्या संशोधित आवृत्तीचे काम हाती घेतले होते. ते अपुरे ठेवून तो १८९९ साली वारला. ते पूर्ण करण्यासाठी धर्मानंदांना १९१० साली अमेरिकेस बोलावण्यात आले. ज्याने शाळेचे तोंड धड पाहिले नाही, तो माणूस हार्वर्डमध्ये बसून ब्रह्मी आणि सिंहली लिपींतील पाठ पडताळू लागला. पुढे प्रा. लॅनमन यांच्याशी ग्रंथाच्या श्रेयावरून मतभेद झाले आणि धर्मानंद १९१२ साली परत आले. त्यानंतर आणखी तीन वेळा ते अमेरिकेस गेले. एवढे होऊनही ती आवृत्ती १९५० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, प्रसिद्ध झाली. मधल्या काळात ते स्वस्थ बसले नव्हते. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांचा देवनागरी विसुद्धिमग्ग छापला. अनुरुद्धाचार्यांच्या ‘अभिधम्मत्थसंगह’ या ग्रंथावर त्यांनी ‘नवनीतटीका’ नावाची सुबोध पाली टीका लिहिली. ती १९४१ साली सारनाथहून निघाली.

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत होते. त्यांच्या हाताखालून पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तयार झाले. मुंबई विद्यापीठात पाली रुजली त्याचे मोठे श्रेय धर्मानंदांच्या खटपटीला आहे. आज आपला एखादा माजी विद्यार्थी पाली विषय घेऊन पदवी मिळवितो, तेव्हा त्या विषयामागे हा इतिहास असतो.

आमच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र मराठीत आहे. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (१९१०), ‘बुद्धलीलासारसंग्रह’ (१९१४), ‘समाधिमार्ग’ (१९२५), ‘बौद्धसंघाचा परिचय’ (१९२६) आणि ‘भगवान बुद्ध’ ही पुस्तके त्यांनी पंडितांसाठी लिहिली नाहीत. ‘समाधिमार्ग’ या छोट्या पुस्तकात विसुद्धिमग्गातील कर्मस्थाने साध्या मराठीत सांगितली आहेत. संस्कृतचा बडिवार नाही, पाली शब्दांची दहशत नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्त्यांत बुद्धांविषयी वाचावयाचे काय, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मराठीत जी थोडी विश्वसनीय पुस्तके हाताशी होती, त्यांत ही होती.

बौद्ध तत्त्वज्ञान म्हणजे केवळ स्थविरवाद नव्हे, याची धर्मानंदांना पूर्ण जाणीव होती. १९२९ साली ते लेनिनग्राडला गेले, ते बौद्ध संस्कृतीच्या अभ्यासासाठी निघालेल्या संस्थेत काम करण्यासाठी. तेथे श्चेरबात्स्की हे दिङ्नाग व धर्मकीर्ती यांच्या न्यायशास्त्राचे जगप्रसिद्ध अभ्यासक होते. दिङ्नागाचे नाव निघाले की खान्देशी माणसाने कान टवकारावेत. सातव्या शतकात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने महाराष्ट्रात शंभरावर विहार आणि सुमारे ५,००० भिक्षू असल्याची नोंद केली आहे. महायान आणि हीनयान दोन्ही येथे एकत्र नांदत होते. राज्याच्या पूर्व सीमेवर डोंगराच्या कुशीत कोरलेल्या एका विहाराचे त्याने वर्णन केले आहे, ते अजिंठ्याचेच असे अभ्यासक मानतात. आणि त्या विहारात पूर्वी दिङ्नाग वारंवार येऊन राहत असे, असेही तो नमूद करतो. जळगावहून फर्दापूरपर्यंतचा रस्ता आपल्या सहलीच्या बसने कितीदा तुडवला असेल! त्या वाटेच्या टोकाशी, वाघूरच्या नागमोडी वळणावर, चित्ताच्या स्वरूपाविषयी भारतातील श्रेष्ठ बुद्धी वाद घालीत होत्या.

वाद काय होता? सर्वास्तिवादी म्हणत की, धर्म भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळी अस्तित्वात असतात. म्हणून काल केलेले कर्म उद्या फळ देऊ शकते. सौत्रांतिकांना हे मान्य नव्हते; ते म्हणत की, फक्त वर्तमान क्षण खरा, बाकी बीजरूप वासना चित्तप्रवाहातून वाहत येते. असंग आणि वसुबंधू यांच्या योगाचार संप्रदायाने त्याच्याही खाली जाऊन आलयविज्ञानाची कल्पना मांडली : आपल्या जाणिवेच्या तळाशी एक कोठार आहे, त्यात साऱ्या अनुभवांची बीजे साठतात, आणि जग म्हणून जे आपण पाहतो ते पुष्कळसे या बीजांचेच पीक असते. नागार्जुनाच्या माध्यमिकांनी या साऱ्यांना विचारले की, ज्या धर्मांची तुम्ही एवढी मोजदाद करता त्यांना स्वतःचा असा स्वभाव तरी आहे काय. वस्तू परस्परांवर अवलंबून उत्पन्न होतात म्हणून त्या स्वभावशून्य. आणि दुःखाचे मूळ, नसलेल्या स्वभावाला घट्ट धरून बसण्यात. जात ही अशीच एक स्वभावशून्य वस्तू आहे, हा निष्कर्ष आमचा. नागार्जुनाच्या पदरात आम्ही तो बांधीत नाही. परंतु त्याच्या तर्काने चालल्यास माणूस तेथेच पोहोचतो.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या बाजूस भवचक्राचे एक भग्न चित्र आहे. मुले त्याच्याकडे न पाहताच विश्वंतर जातक पाहायला आत शिरतात. दुःख कसे फिरत राहते हे त्या चक्रात रंगविले होते. आता चक्राचा बराचसा भाग गळून गेला आहे. पुढच्या सहलीत त्या ओसरीत पाच मिनिटे थांबावे, अशी सूचना आम्ही सहलप्रमुखांना केली आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. वरील सर्व संप्रदाय एका गोष्टीत एकमत आहेत : दुःखाचा निर्णायक धागा चित्तात आहे. मग ऊस तोडणाऱ्या आईचे काय? धर्मानंदांच्या आयुष्याचा उत्तरार्ध पाहिला, तर हा प्रश्न त्यांनाही छळीत होता असे दिसते. अमेरिकेत असताना त्यांनी समाजवादाचा अभ्यास केला आणि तो त्यांना पटला. भारतात येऊन ते गुजरात विद्यापीठात राहिले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. ब्रह्मदेशातील कुटीत ध्यान करणारा माणूस आता सभांत बोलत होता. १९३७ च्या सुमारास त्यांनी मुंबईत परळ येथे गिरणी कामगार व अस्पृश्य वस्तीसाठी बहुजन विहार उभारला. त्यासाठी पैसा बिर्लांनी दिला. कामगारांच्या विहाराला भांडवलदाराचा पैसा, ही विसंगती आम्हांस खटकते. बहुधा त्यांनाही खटकली असावी. काही वर्षांतच त्यांनी तो विहार सोडला.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा नाकारली. म्हातारा, रोगी आणि प्रेत एकोणतीस वर्षे वयापर्यंत राजपुत्राच्या दृष्टीसच पडले नाहीत, हे त्यांच्या चिकित्सक बुद्धीला पटले नाही. सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताचा आधार घेऊन त्यांनी दाखविले की, शस्त्र धारण करून परस्परांशी झगडणाऱ्या माणसांना पाहून बोधिसत्त्वाच्या मनात भय आणि वैराग्य उत्पन्न झाले. ‘बोधिसत्त्व’ या नाटकात शाक्य आणि कोलिय यांच्यामधील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी गृहत्यागाशी जोडला. परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही सिद्धार्थ रोहिणीच्या पाण्यावरून होणाऱ्या युद्धाला विरोध करून परिव्रज्या घेतो. येवल्याची घोषणा १९३५ ची, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ ची. मधल्या वीस-बावीस वर्षांत महाराष्ट्रातील दोन अभ्यासक बुद्धाच्या दुःखाचा उगम एकाच नदीकाठी शोधीत होते. पाण्याच्या पाळीवरून भावकीत डोकी फुटताना पाहिलेल्या आमच्या तापी-पांझरा खोऱ्यातील शेतकऱ्याला ही कथा समजावून द्यावी लागत नाही.

तरी दोघांत अंतर आहेच. अभिधम्माच्या चौकटीत शारीरिक दुःखवेदना हे पूर्वकर्माचे विपाकफल मानले जाते. बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला. कारण तो मानला तर अस्पृश्याची अस्पृश्यता आणि गरिबाची गरिबी त्याच्याच माथी मारता येते. येथे आम्ही बाबासाहेबांच्या बाजूस उभे आहोत, आणि त्यासाठी त्रिपिटकाबाहेर जाण्याची गरज नाही. संयुत्तनिकायातच सीवक नावाच्या परिव्राजकाचे सुत्त आहे. माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मानेच होते काय, असा त्याचा प्रश्न होता. तथागतांनी पित्त, कफ, वायू, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम आहारविहार आणि बाहेरून होणारा आघात अशी वेदनेची अनेक कारणे सांगितली. कर्मविपाक हे त्यांपैकी केवळ एक. जे सरसकट पूर्वकर्माला दोष देतात ते प्रत्यक्ष अनुभवाच्या पलीकडे धावतात, असा त्यांचा निर्वाळा आहे. म्हणजे विळ्याने कापलेले बोट, मुकादमाने बुडविलेली मजुरी, अवकाळीने आडवा झालेला फड यांची कारणे जेथे आहेत तेथेच शोधावयाची. मग तृष्णेचे काय? ती आहेच, पण एका आईच्या दुःखामागे दुसऱ्या कोणाचीतरी तृष्णा असू शकते. उचल देऊन माणसे बांधून घेणाऱ्याची तृष्णा ही मजुराच्या अंगावर दुःख होऊन पडते. पहिला बाण कोण मारतो हे पाहणे आणि दुसरा बाण स्वतःला लागू न देणे, ही दोन्ही कामे बौद्धाची आहेत. धर्मानंदांनी आयुष्याच्या पूर्वार्धात दुसऱ्याचा अभ्यास केला, उत्तरार्धात ते पहिल्याकडे वळले.

त्यांचा शेवट आमच्या मनाला अद्याप टोचतो. शरीर व्याधींनी जर्जर झाले होते, आपल्या हातून आता काही काम होणार नाही अशी त्यांची खात्री झाली होती. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यावरील त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर निघाले. १९४६ साली उत्तर प्रदेशात त्यांनी अन्नत्याग आरंभिला. गांधीजींच्या आग्रहाने तो सोडला. पुढे ते सेवाग्रामला आले आणि तेथे पुन्हा अन्न सोडून ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. अनेकांना यात साधुत्व दिसते. तथागतांनी उरुवेलेत उपोषणाने शरीर झिजविण्याचा मार्ग सोडून सुजातेची खीर घेतली, हे शिकविणाऱ्या आम्हा शिक्षकांस मात्र हा शेवट मुलांना समजावून सांगताना अडखळावे लागते. आम्ही तो लपवीत नाही. विसुद्धिमग्गाचा एवढा मोठा जाणकारही अखेरीस आपल्या मार्गाने गेला, एवढेच सांगतो, आणि पुढचा विचार मुलांवर सोडतो. त्यांची एक इच्छा मात्र निर्मळ बौद्धाची होती : आपल्यामागे काही विद्यार्थ्यांना पालीच्या अभ्यासासाठी सिंहलद्वीपास पाठवावे. १९०२ साली मद्रासच्या किनाऱ्यावर रिकाम्या खिशाने उभा असलेला तरुण ते विसरले नव्हते.

त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी थोर गणिती आणि इतिहासकार झाले; इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ते वेगळे सांगावयास नको. पित्याने चित्ताच्या तळाशी पाहिले, पुत्राने नांगर, नाणी आणि व्यापारी मार्ग पाहिले. कार्ले-जुन्नरची लेणी व्यापारी वाटांवरच का आहेत, हे त्यांनीच आम्हांस शिकविले. आपल्या चाळीसगावजवळची पितळखोऱ्याची लेणीही जुन्या वाटेच्या काठीच आहेत.

तो मुलगा यंदा दहावीला आहे. मागच्या वर्षी आम्ही त्याला सीवकसुत्ताचा मराठी सारांश वहीत उतरवून दिला. त्याने तो वाचला आणि विचारले की, मुकादमाच्या तृष्णेचे मूळ कशात असते. आम्ही त्याला ‘भगवान बुद्ध’ काढून दिले. पुस्तकाची बांधणी सुटली आहे, शेवटची काही पाने वेगळी ठेवली आहेत. ती हरवू नयेत म्हणून त्याने वर वर्तमानपत्राचे कव्हर घातले आणि ग्रंथालयाच्या नोंदवहीत सही करून ते सुटीसाठी घरी नेले. ते अद्याप परत आलेले नाही. ग्रंथपालांनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा करू नये, असे आम्ही त्यांना सांगितले आहे.